शब्दचर्चा: आतेन म्हणजे सूर्यचकती, सूर्यबिंब की नुसता आतेन? आणि अखेनातेनचा 'एकेश्वरवाद'

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यासाठी प्राचीन इजिप्तच्या सूर्यपूजेवर मराठीत एक टिपण करतेय आणि तीन शब्दांपाशी गाडी अडलीये.

पहिला म्हणजे आतेन. अखेनातेन राजाने (साधारण इ.स.पू. १३५० च्या सुमाराचा) बाकीचे देव बाजूला सारून ज्या आतेनची पूजा चालवली त्याला इंग्रजी पुस्तकांत सरसकट सन डिस्क म्हणतात, आता मी सूर्यचकती लिहिलं की मला गाजराच्या चकत्या दिसतात, थाळी लिहिलं की जेवण, आणि चक्र लिहिलं तर विष्णूच्या हातातलं. दुसरा, मोनोथिइझम. एकेश्वरवाद हा शब्द आहेच, पण तो इथे बसतो का, कारण पुस्तकांत 'जगातला पहिला एकेश्वरवादी' असंही लिहिलेलं आहे आणि पुढच्याच पानावर 'तसं म्हणता येणार नाही' असंही. तिसरं म्हणजे आमच्या घरी ठाम मत आहे की आतेन हा शब्द सरळसरळ आदित्यवरून गेलेला आहे, तसा फॉरवर्डच आलाय. जाणकारांनी प्रकाश टाकावा, विषयच तसा आहे.

*

तबकडी तेवढी लिहू नका ताई, उडती तबकडी लगेच उतरते डोक्यात, आणि यूट्यूबवर आधीच अर्धी जनता अखेनातेनला परग्रहावरून आलेला मानते शिल्पांतल्या त्या लांबुळक्या डोक्यामुळे, आपण कशाला त्यात भर घाला.

*

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सोपं आहे, सूर्यबिंब. आपण काय म्हणतो, बिंब वर आलं, बिंब बुडालं, ग्रहणात पंचांगवाले सांगतात बिंबाचा किती भाग झाकला जाणार ते. म्हणजे डोळ्याला दिसतो तो सूर्याचा लखलखीत गोल. इजिप्शियन भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ नेमका हाच होता. त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे हातात फक्त तीन व्यंजनं आहेत, य (किंवा अगदी हलका अ-इ सारखा उच्चार), त आणि न, आणि शब्दाच्या शेवटी सूर्याचं गोल चित्र, जे वाचायचं नसतं, फक्त अर्थ कळायला असतं. आपण आतेन, आटेन, अटोन काहीही लिहितो ते स्वर अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेले आहेत. त्या काळचे लोक खरं काय म्हणत असतील याचा एक मजेदार धागा मात्र आहे. अखेनातेनच्या मोठ्या मुलीचं नाव आपण मेरितातेन असं लिहितो, आणि अमार्नाला, म्हणजे त्याच्या राजधानीच्या जागी, १८८७ साली मातीच्या टॅब्लेट्स सापडल्या ना, परदेशी राजांच्या पत्रव्यवहाराच्या, अक्कडियन भाषेत (मेसोपोटेमियातली) आणि क्युनिफॉर्म म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत (त्या लिपीत स्वर लिहितात), त्यात तिचं नाव मयाती असं येतं. त्यावरून आतेनचा उच्चार तेव्हा 'याती' सारखा काहीतरी असावा असं मानतात.

तर चकती नको याचं दुसरं कारण म्हणजे चकती चपटी असते. अमार्नाच्या कोरीव कामात बऱ्याच ठिकाणी आतेन चपटा नाही, चांगला फुगीर, उठावदार गोल कोरलेला आहे, त्यामुळे काही अभ्यासक तर म्हणतात की त्यांच्या मनात गोळाच होता. त्यातून किरण निघतात, प्रत्येक किरणाच्या टोकाला छोटा हाताचा पंजा, आणि राजा-राणीच्या नाकासमोरच्या पंज्यांत आंख, म्हणजे जीवनाचं चिन्ह. बास, एवढीच त्या देवाची मूर्ती. तोंड नाही, बायको नाही, कथा नाहीत. बाकीच्या इजिप्शियन देवांना कोल्ह्याचं डोकं, ससाण्याचं डोकं, भांडणं, कापाकापी सगळं आहे, याला काहीच नाही. लहान मुलांना गोष्ट सांगायची म्हटली तर सांगणार काय.

*

बिंबला माझी हरकत आहे. बिंब म्हटलं की प्रतिबिंब आठवतं, वाचणाऱ्याला वाटेल आतेन म्हणजे कुठल्यातरी मोठ्या देवाची छाया किंवा प्रतिमा.

*

उलट आहे हो. बिंब म्हणजे मूळ वस्तू आणि प्रतिबिंब म्हणजे पाण्यात पडलेलं ते, आपल्या वेदान्तवाल्यांची सगळी दृष्टान्तांची दुकानं त्याच भेदावर चालतात. पण तुमच्या शंकेत एक गोष्ट खरी आहे. अखेनातेनच्या आधी आतेन हा खरंच 'मोठ्या देवाचं दिसणारं अंग' होता. देव म्हणजे रा, आणि आतेन म्हणजे त्याचं आभाळात दिसणारं बिंब. सिनुहेची गोष्ट म्हणून एक जुनी इजिप्शियन कथा आहे, साधारण इ.स.पू. १९०० च्या आसपासची, तिच्या सुरुवातीला राजा अमेनेमहात पहिला मरतो तेव्हा तो वर आकाशात उडून आतेनशी एकरूप झाला असं म्हटलंय, तिथे आतेन म्हणजे बिंबच. पुढे अखेनातेनचा बाप, अमेनहोतेप तिसरा, स्वतःला 'झळाळता आतेन' म्हणवून घ्यायचा, त्याच्या शाही नावेचं नावही तेच. म्हणजे शब्द हळूहळू वर चढत होता, पोराने येऊन त्याला एकदम गादीवर बसवलं.

आणि हे अक्षरशः. आतेनचं लांबलचक अधिकृत नाव दोन कार्तूशमध्ये लिहायला लागले, कार्तूश म्हणजे राजाचं नाव ज्या लांबट चौकटीत लिहितात ती. देवाचं नाव राजासारखं लिहायचं आणि देवासाठी राजाचा सेद उत्सवसुद्धा (राज्याभिषेकाच्या वर्षपूर्तीचा सोहळा) करायचा. म्हणून ताई, टिपणात पहिल्यांदा 'आतेन, म्हणजे सूर्यबिंब' असं एकदा लिहा आणि पुढे सगळीकडे आतेनच ठेवा. विठोबाचं भाषांतर करतो का आपण.

*

एक मिनिट, आदित्यचं काय? मी फक्त फॉरवर्डच्या जोरावर बोलत नाहीये. मितानी राज्यातल्या (आजच्या सीरियाच्या उत्तर भागातलं) राजांची नावं संस्कृत वळणाची आहेत, तुश्रत्त वगैरे, हित्ती (आजच्या तुर्कस्तानातले) आणि मितानी राजांच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला बोलावलेत, आणि ह्याच तुश्रत्तची मुलगी ताडुखिपा आधी अमेनहोतेप तिसऱ्याच्या आणि मग अखेनातेनच्या जनान्यात गेली. एवढं सगळं असताना सूर्याच्या उपासनेचा शब्द तिकडून गेला असेल असं म्हटलं तर बिघडलं कुठे? रवि आणि रा पण बघा जरा.

*

दादा, तुम्ही मांडलेल्या गोष्टी बहुतेक खऱ्या आहेत, तुश्रत्तची पत्रं त्याच अमार्नाच्या टॅब्लेट्समध्ये आहेत आणि त्यात तो जावयाकडे सोनं मागत बसलेला असतो, वाचायला धमाल आहे. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष निघत नाही, कारण काळ उलटा पडतो. आतेन हा शब्द सिनुहेच्या गोष्टीत आहे म्हणजे ताडुखिपा सासरी जायच्या पाचेकशे वर्षं आधी इजिप्तमध्ये लिहिला जात होता. नव्या सुनेने आणलेला शब्द तिच्या आधी पाचशे वर्षं घरात कसा? रा तर त्याहून जुना, पिरॅमिड बांधणाऱ्या राजांच्या नावातच तो आहे, खाफ्रा, मेनकाउरा. आणि त्यालाही आपण 'रा' म्हणतो ते सोयीसाठीच, अमार्ना पत्रांत अखेनातेनच्या राजनावाचं रूप नफुरुरिया असं येतं, त्यातला शेवटचा 'रिया' म्हणजे हा रा. कॉप्टिकमध्ये, म्हणजे इजिप्शियन भाषेच्या शेवटच्या रूपात, तो रे होतो. शिवाय मूळ शब्दाच्या शेवटी अरबी ऐनसारखा घशातला एक वर्ण आहे, तो रविमध्ये कुठे बसवणार.

आदित्यचंही बघा, तो मुळात अदितीचा मुलगा. ऋग्वेदात मित्र, वरुण, अर्यमा ही सगळी मंडळी आदित्य आहेत, 'आदित्य म्हणजे सूर्य' एवढाच एक अर्थ नंतर घट्ट झाला. आणि तहातला मित्र हा शपथेचा, कराराचा देव म्हणून आलाय, सूर्य म्हणून नाही. असले उच्चारसाम्याचे मोह मोठमोठ्यांना झालेत बरं का, फ्रॉइडने १९३९ च्या मोझेसवरच्या पुस्तकात आतेन आणि हिब्रू अदोनाय यांच्या सारखेपणाकडे बोट दाखवलंय, तेही टिकलेलं नाही, कारण अदोन हा सेमिटिक भाषांमधला 'धनी, मालक' अर्थाचा शब्द आहे.

अवांतर: इजिप्शियन भाषेत रा हा देव तर आहेच, पण साधा सूर्य आणि दिवस यालाही तोच शब्द. 'रा-नेब' म्हणजे शब्दशः प्रत्येक सूर्य, अर्थ रोज, दररोज. ही गोष्ट पुढे एकेश्वरवादाच्या चर्चेत कामाला येते, सांगतो.

*

माझा मुद्दा दुसऱ्या शब्दाबद्दल. एकेश्वरवाद म्हणजे एकच ईश्वर *आहे*, बाकी नाहीतच. बाकीचे असतील, पण आम्ही पुजतो एकालाच, याला मी एकोपासना म्हणेन. आणि तिसरा प्रकार, ज्याच्यापुढे उभे राहू तोच सर्वात मोठा, मॅक्स म्युलरने ऋग्वेदाबद्दल बोलताना हेनोथिइझम हा शब्द रुळवला तो. ह्याला मराठीत धड शब्द नाही, कोशांत काहीतरी बोजड सापडतं. अखेनातेन ह्यातला कुठला? त्याच्या स्तोत्रात तर स्वच्छ म्हटलंय की हे एकमेव देवा, तुझ्यासारखा दुसरा नाही. मग एकेश्वरवादच झाला ना?

*

इथेच सगळे फसतात, इंग्रजी लिहिणारे पण. ते मोठं स्तोत्र अमार्नाला आयच्या थडग्यात भिंतीवर कोरलंय (हा आय दरबारातला मोठा माणूस, पुढे तुतनखामुननंतर स्वतः राजा झाला), आणि फार सुंदर आहे, अंड्यातल्या पिल्लाला कवच फोडायच्या आधी श्वास देणारा तू, परदेशातल्या लोकांसाठी आभाळात नाईल ठेवणारा तू, म्हणजे पाऊस. बायबलच्या १०४ व्या स्तोत्राशी लोक त्याची तुलना करतात ती उगाच नाही. पण 'एकमेव, ज्याला दुसरा नाही' हे विशेषण इजिप्तमध्ये कुणाला लावत नसत? थेबेसचा मोठा देव अमून, त्याला लावत, राला लावत, ज्याच्या देवळात उभे असतील त्याला लावत. आपल्याकडे एकमेवाद्वितीय हा शब्द गायकाला लावतात, फलंदाजाला लावतात, परवा एका मिसळीच्या जाहिरातीत वाचला, म्हणून काय गावात दुसरी मिसळ नाही? ती स्तुती असते, मोजणी नसते.

अखेनातेनच्या बापाच्या काळातल्या सुती आणि होर नावाच्या दोन भावांची शिला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, दोघेही बांधकामावरचे अधिकारी. त्यावरच्या सूर्यस्तोत्रात आतेनला वंदन आहे, सगळ्यांना घडवणारा म्हणून, आणि ते स्तोत्र आहे मात्र अमूनचं! म्हणजे अखेनातेनच्या स्तोत्रातली बरीचशी भाषा आधीपासून चलनात होती. त्याच्यानंतरही तेच, हॉलंडमधल्या लायडनला ठेवलेल्या पपायरसमध्ये (लव्हाळ्याच्या कागदावरचा लेख) म्हटलंय की सगळे देव तीनच, अमून, रा आणि प्ताह, अमून म्हणून त्याचं नाव झाकलेलं, रा त्याचा चेहरा, प्ताह त्याचं शरीर. आधी तीन म्हणायचं आणि लगेच 'त्याचं' असं एकवचन वापरायचं. आपल्याकडच्या माणसाला हे वाचून अजिबात धक्का बसत नाही, पण युरोपातल्या पंडितांची पिढ्यान् पिढ्या ह्यावरून जुंपलेली आहे.

म्हणून मी म्हणतो की अखेनातेनला कुठला शब्द लावायचा ते ठरवायला त्याने काय गायलं ते बघू नका, त्याने काय *खोडलं* ते बघा.

गादीवर आला तेव्हा तो अमेनहोतेप चौथाच होता, नावाचा अर्थ अमून संतुष्ट आहे. सुमारे इ.स.पू. १३५३ ते १३३६, सतरा वर्षांची कारकीर्द. पाचव्या वर्षाच्या सुमारास नाव बदलून अखेनातेन, आणि अमूनचं ठाणं असलेलं थेबेस शहर सोडून नदीच्या खालच्या अंगाला मोकळ्या वाळवंटात नवी राजधानी अखेतातेन, आजचं अमार्ना. सीमेवरच्या शिलालेखांत तो मुद्दाम सांगतो की ही जागा आधी कुठल्या देवाची नव्हती, कुठल्या देवीची नव्हती. इथपर्यंत तुमची एकोपासना चालेल. पण मग छिन्नी-हातोडीवाली माणसं देशभर पाठवली गेली आणि अमूनचं नाव जिथे दिसेल तिथे खरवडलं. आधीच्या काळातल्या राणी हत्शेपसुतच्या उंच ओबेलिस्कच्या, म्हणजे दगडी सुळक्याच्या, टोकाशीसुद्धा चढून. बापाच्या नावातलं अमूनही सुटलं नाही! आणि काही ठिकाणी, हे महत्त्वाचं, 'देव' या शब्दाचं अनेकवचन खरवडलेलं आहे. नुसता एक प्रतिस्पर्धी देव नको असता तर त्याचं नाव घालवून भागलं असतं. अनेकवचन घालवणारा माणूस व्याकरणापर्यंत पोचलेला असतो.

स्पेलिंगमध्येही हेच. आई या शब्दासाठी गिधाडाचं चिन्ह वापरायचे, आणि तेच चिन्ह अमूनच्या बायकोच्या, मुत देवीच्या नावाचं. तर अमार्नात आई हा शब्द गिधाड टाळून नुसत्या उच्चाराच्या अक्षरांनी लिहायला लागले. मातचं (म्हणजे सत्य, ऋत, जगाची घडी) नावही पुढे देवीचं चित्र न काढता लिहिलेलं सापडतं. आतेनचं स्वतःचं नावसुद्धा सोवळ्यात टाकलं. सुरुवातीला त्यात रा-होराख्ती होता, म्हणजे होरस हा ससाण्याच्या डोक्याचा देव आला, आणि शू होता, म्हणजे हवेचा देव आला. कारकिर्दीच्या उत्तरार्धात नाव बदललं, होरस आणि शू दोघांनाही नारळ दिला, उरलं ते साधारण असं, 'क्षितिजाचा स्वामी रा, जो पिता रा आतेनच्या रूपाने आला आहे'. म्हणजे रा ठेवला, कारण रा म्हणजे सूर्यच की, तो दुसरा देव मोजला जात नाही. वर रा-नेबचं सांगितलं ते यासाठी.

तर माझं मत असं की पहिल्या वर्षांसाठी एकोपासना, आणि खोडाखोडीनंतर एकेश्वरवाद म्हणायला हरकत नाही, राजापुरता.

*

राजापुरता म्हणजे? बाकीच्यांचं काय?

*

बाकीच्यांनी काय करायचं ते केलं. अमार्नालाच कामगारांची वस्ती खणली तर तिथे बेसचे आणि तावेरेतचे ताईत निघाले, बेस म्हणजे तो जीभ काढलेला बुटका, घरादाराचं रक्षण करणारा, आणि तावेरेत पाणघोड्याच्या तोंडाची, बाळंतिणींची. राजाच्या नाकाखाली. बाळंतपणात किरणांचे पंजे काय कामाचे. आणि मोठ्या लोकांच्या घरात उपासनेला काय असायचं, तर राजा, राणी नेफरतिती आणि त्यांच्या मुली आतेनखाली बसल्यात अशी कोरीव शिळा. स्तोत्रातच म्हटलंय, तुला ओळखणारा तुझा मुलगा सोडून दुसरा कोणी नाही, मुलगा म्हणजे अर्थात राजा. देव एक आणि एजंटही एकच. म्हणून ईश्वर शब्दाबरोबर आपल्या मनात जी भक्ती येते, कुणीही हाक मारावी आणि त्याने धावून यावं, ती इथे धरू नका. एवढी एक ओळ टिपणात घातलीत तर एकेश्वरवाद शब्द खुशाल वापरा.

पुढचं तर माहितीच आहे. तुतनखातेनचा तुतनखामुन झाला, पुढचा राजा होरेमहेब, त्याने थेबेसच्या कर्नाकमधली आतेनची देवळं पाडून त्याचे दगड स्वतःच्या गोपुरांत भरीला घातले (त्यामुळेच हजारो दगड आतल्या आत नीट राहिले आणि आपल्याला मिळाले), आणि अबिडोसच्या देवळात कोरलेल्या आधीच्या राजांच्या यादीत अखेनातेन नाहीच. रामसेस दुसऱ्याच्या काळातल्या एका जमिनीच्या खटल्यात जुन्या सालाचा उल्लेख करायची वेळ आली तेव्हा त्याचं नाव न घेता 'अखेतातेनचा तो शत्रू' असं लिहिलंय. खोडणाऱ्याला खोडलं. आतेन हा शब्द मात्र टिकला, परत आपल्या जुन्या अर्थाने, सूर्याचं बिंब म्हणून.

*

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! घरी आदित्य प्रकरण वाचून दाखवलं, 'बघू' एवढंच उत्तर आलंय. आता शेवटचं. अखेतातेनचा अर्थ 'आतेनचं क्षितिज' लिहिलाय, बरोबर?

*

चालेल, पण क्षितिज जरा कोरडं पडतं. अखेतचं चिन्ह म्हणजे दोन डोंगर आणि मधल्या खाचेत सूर्य, म्हणजे सूर्य जिथून वर येतो आणि जिथे मावळतो ती जागा. आणि अखेत आणि अखेनातेन, दोन्हीत तोच 'अख' आहे, तेजस्वी, प्रभावी अशा अर्थाचा. मराठीत उदयाचल हा तयार शब्द आहे, अमार्नाच्या पूर्वेला डोंगरात तशी खाच आहेही. फक्त होराख्तीमध्ये, म्हणजे 'दोन क्षितिजांचा होरस' या नावात, दोन्ही क्षितिजं आहेत, तिथे उदयाचल आणि अस्ताचल दोन्ही लिहावं लागेल किंवा सरळ क्षितिजच ठेवा.

*

उदयाचल फार कादंबरीछाप वाटतं, मी तरी क्षितिजच ठेवलं असतं. पण ताई, विभक्तीचं ठरवलंत का? आतेनचा की आतेनाचा? आणि राला, राने, राचं हे छापून आल्यावर मुद्रितशोधक चूक समजून नक्की काहीतरी बदलणार.

*

आतेनचा. परकी नावं आपण आता सामान्यरूप न करताच वापरतो, लंडनचा, हिटलरचा. राच्या बाबतीत दरवेळी 'रा देवाचा' लिहा, आणि मथळ्यात तर नक्कीच, नाहीतर 'राचे मंदिर' वाचून लोक विचारतील आधीचं अक्षर कुठे पडलं.